मदत हवी आहे: विटांच्या जुन्या इमारती आणि त्यांचं लोखंडी काम

क्रॉप सेन्सर (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सर असलेला) कॅमेरा, सोबत आलेली १८-५५ मिमी किट लेन्स, ऑटो मोड, जेपेग, वेळ बहुतेक दुपारची. इमारत मागे झुकलेली दिसते, विटा लालभडक आणि सपाट येतात, बाल्कनीच्या कठड्याची नक्षी तर नुसती काळी. काय बदलू?

उत्तर १
झुकतं कारण कॅमेरा वर उचलला जातो. कॅमेऱ्यातली लेव्हल (आडवं-उभं दाखवणारी रेषा) चालू करा, सेन्सर भिंतीला समांतर ठेवा, मागे सरका आणि ३५ च्या पुढे झूम करा. रस्ता अरुंद असेल तर १८ वर चारी बाजूंनी भरपूर जागा सोडून काढा आणि नंतर एडिटिंगमध्ये सरळ करा. त्यात कडा कापल्या जातात. उंच इमारत शंभर टक्के सरळ करू नका, वरचा भाग फुगल्यासारखा वाटतो.

लाल रंगासाठी रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) वापरा आणि आरजीबी हिस्टोग्राम, म्हणजे लाल-हिरवा-निळा यांचे वेगवेगळे उजेडाचे आलेख, बघा. एकत्रित आलेख ठीक दिसतो तेव्हाही लाल चॅनल उजवीकडे आपटलेला असू शकतो. तसं असेल तर एक्सपोजर २/३ स्टॉप कमी करा (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा).

उत्तर २
मुळात विटा आणि लोखंड एकाच उजेडात काढायचा हट्ट सोडा. विटांना भिंतीलगत सरपटत येणारं ऊन लागतं. तेव्हाच दरजांची सावली पडते आणि पोत उठतो. त्याच उन्हात कठड्याचं मात्र वाटोळं होतं. त्यासाठी ढगाळ दिवस किंवा इमारतीची सावलीतली बाजू बघा.

मागे आकाश असेल तर कॅमेरा आकाशाचा उजेड मोजतो आणि लोखंड काळं पडतं. स्पॉट मीटरिंगने (फक्त एका छोट्या ठिपक्यावरचा उजेड मोजून) लोखंडावर मोजा, मग साधारण दीड स्टॉप कमी करा, नाहीतर काळा रंग राखाडी होईल. फोकस सिंगल पॉइंट, थेट गजावर. ऑटोमध्ये तो मागच्या भिंतीवर घसरतो. संपूर्ण दर्शनी भागाला एफ/८ हे छिद्र (अ‍ॅपर्चर) पुरे. एफ/१६ ला डिफ्रॅक्शनने, म्हणजे लहान छिद्रातून प्रकाश पसरल्याने, विटांच्या कडा मऊ पडतात.

जवळून काढताना काम बिडाचं (साच्यात ओतलेलं) की घडीव (हातोडीने ठोकून घडवलेलं) ते बघा. बिडात साच्याची बारीक शिवण आणि हुबेहूब सारखी फुलं दिसतात. घडीव कामात हातोडीच्या खुणा, पट्टीने आवळलेले जोड, निमुळती टोकं. फ्रेम त्या खुणांवरच लावा.

प्रश्नकर्ता
पोलरायझर (चमक कापणारा फिल्टर) घेऊ का? आणि स्क्रीनवर विटांवर लाटा दिसतात, त्या?

उत्तर २
पोलरायझरने ऑइलपेंटची चमक तिरक्या कोनातून कापली जाते, उघड्या धातूची नाही. रंगवलेले कठडे जास्त असतील तरच घ्या. लाटा आधी १००% झूमवर तपासा. तिथे नसतील तर फाइल ठीक आहे, दोष छोट्या प्रिव्ह्यूचा.