जन्मनोंदी जुळत नाहीत तेव्हा : अनुभव धागा

घराण्याचा इतिहास शोधताना एकाच व्यक्तीच्या दोन जन्मतारखा, दोन वये, क्वचित दोन आयाही कागदोपत्री सापडतात. अशा वेळी ‘लेखनिकाची चूक’ म्हणून विषय मिटवणे सोपे असते, परंतु पुष्कळदा ती चूक नसतेच. जन्मनोंद म्हणजे कोणीतरी, विशिष्ट वेळी, विशिष्ट गरजेपोटी दिलेली माहिती असते. आपल्याला अशी तफावत आढळली असेल, तर ती कशी लक्षात आली आणि तिचा उलगडा कशाने झाला, किंवा का झाला नाही, हे सविस्तर लिहावे. हयात व्यक्तींची नावे कृपया टाळावीत.

*

माझे सासर इंग्लंडमधील असल्यामुळे तेथील कागदपत्रे चाळण्याचा योग आला. यजमानांच्या एका पूर्वजाचा बाप्तिस्मा चर्चच्या नोंदवहीप्रमाणे ११ मार्च १८५५ रोजी झाला आणि सरकारी दाखल्याप्रमाणे तो जन्मला २७ मार्चला! ही दोन भिन्न मुले असावीत म्हणावे, तर आईवडिलांची नावे, वडिलांचा व्यवसाय आणि पत्ता तंतोतंत जुळत होता. उत्तर दाखल्यावरच, नोंदणीच्या तारखेच्या रकान्यात होते. इंग्लंड आणि वेल्समध्ये १ जुलै १८३७ पासून सरकारी जन्मनोंदणी सुरू झाली. जन्मानंतर ४२ दिवसांच्या आत नोंद विनाशुल्क होत असे. त्यानंतर मात्र शुल्क भरून वरिष्ठ निबंधकासमोर ती करावी लागे. या मुलाची नोंद ७ मे रोजी, म्हणजे सांगितलेल्या जन्मतारखेनंतर एक्केचाळिसाव्या दिवशी झाली आहे. मुदत उलटून गेलेल्या आईने जन्मतारीखच पुढे सरकवली, असा माझा निष्कर्ष आहे. सरकारी दाखला अधिक विश्वसनीय असतो, हा आपला सर्वसाधारण समज येथे पार उलटा पडतो.

*

वरील अनुभवाला एक पुरवणी. १८७४ चा कायदा १८७५ पासून अमलात येईपर्यंत तेथे नोंद न करणाऱ्या पालकांना दंड नव्हता. त्यामुळे त्या काळातील एखादे मूल सरकारी नोंदीत मुळीच न सापडणे ही विसंगती मानू नये. चर्चच्या वहीत शोधावे.

जन्माच्या वेळेबाबतही असेच. इंग्लंडच्या जुन्या दाखल्यावर जन्माची वेळ दिलेली असली, तर सहसा जुळ्यांचा संशय घ्यावा. स्कॉटलंडमध्ये मात्र १८५५ मध्ये नोंदणी सुरू झाल्यापासून प्रत्येकच बालकाची वेळ लिहिली जाते, तेव्हा तेथे हरवलेले भावंड शोधत बसू नये.

*

आमच्याकडील तफावत तारखेची नाही, आईची आहे. पत्नीच्या पणजीच्या जन्मनोंदीत आईचे वय ४७ आहे, त्या आधीचे अपत्य बारा वर्षांनी मोठे आहे आणि त्याच घरात एकोणीस वर्षांची अविवाहित थोरली मुलगी आहे. मुलीचे मूल आजीने आपले म्हणून नोंदवल्याची शक्यता कोणालाही दिसेल. परंतु सत्तेचाळिसाव्या वर्षी प्रसूती दुर्मीळ असली तरी अशक्य नाही, आणि केवळ अंकगणितावरून गेलेल्या माणसांविषयी असा निवाडा करणे मला योग्य वाटत नाही. डीएनए चाचणीही करून पाहिली; पण इतक्या पिढ्यांनंतर दोन्ही शक्यतांमध्ये अपेक्षित असलेले साम्य एकमेकांत इतके मिसळते की तिने निर्णय दिला नाही. वंशावळीत मी तो धागा तुटक रेषेने दाखवला आहे.

*

माझ्या मेहुण्यांच्या आजीच्या तर तीन जन्मतारखा होत्या. कुटुंब रशियातून बाहेर पडलेले. चर्चच्या वहीत ५ मे १८९४, परदेशातील एका कागदावर १७ मे आणि घरात वाढदिवस मात्र १८ मेचा. रशियात जानेवारी १९१८ पर्यंत ज्युलियन दिनदर्शिका चालू होती आणि ३१ जानेवारीनंतरचा दिवस थेट १४ फेब्रुवारी मानला गेला. ही जुनी आणि आज सर्वत्र वापरली जाणारी ग्रेगोरियन, या दोन दिनदर्शिकांतील अंतर एकोणिसाव्या शतकात १२ दिवसांचे होते, विसाव्यात ते १३ झाले. म्हणजे १७ मे हे योग्य रूपांतर आहे आणि १८ मे हे नव्या शतकाच्या फरकाने केलेले. झार दुसरा निकोलस याच्या ६ मे १८६८ या जन्मतारखेचेही तसेच : रूपांतराने १८ मे, पण विसाव्या शतकात तोच दिवस १९ मेला येऊ लागला.

*

इंग्लंडमधील आणखी जुन्या नोंदी पाहणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की तेथे १७५२ पूर्वी कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होत असे. जून १७१९ मध्ये विवाह आणि फेब्रुवारी १७१९ मध्ये बाप्तिस्मा, असे दिसले तर मूल विवाहापूर्वीचे नाही. तो आपल्या हिशेबाने फेब्रुवारी १७२० आहे.

*

वयात दोन-तीन वर्षांचा फरक येत असेल, तर त्या घरातील बालमृत्यूंच्या नोंदी अवश्य पाहाव्यात. आमच्या शोधात थोरले मूल दगावले होते आणि तेच नाव धाकट्याला दिले गेले होते. आम्हाला सापडलेली जन्मनोंद थोरल्याची होती.

पणजीच्या आईविषयी ज्यांनी लिहिले आहे, त्यांनी बाप्तिस्म्याची मूळ नोंद पाहिली आहे का? सरकारी कार्यालयात सांगितलेली गोष्ट धर्मगुरूला सांगितली जाईलच असे नाही, कारण गावातले घर त्याच्या परिचयाचे असे. नोंदींवरून पुढे तयार केलेल्या सूचीवर विसंबू नये. मूळ पानाचे छायाचित्र मागवावे, कारण समासातील शेरे सूचीत उतरत नाहीत.