क्यू ‘उडवणे’ म्हणजे नेमकं काय?

मी पुण्यात हौशी नाटकांना लाइट ऑपरेट करतो. क्यू म्हणजे बोर्डात, म्हणजे दिवे चालवायच्या यंत्रात, आकडा देऊन साठवलेली प्रकाशाची एक पायरी. परवा तालमीत प्रकाशयोजना करणारा मित्र ओरडला, “अरे, बारा उडव!” मी डिलीट, क्यू, १२, एंटर दाबलं. बोर्डाने ‘नक्की ना?’ विचारलं, तर आणखी एकदा एंटर. त्याला म्हणायचं होतं, त्या प्रसंगातला नट आज आलेला नाही, तर अकरावरून थेट तेरावर जा. अन्डू होतं म्हणून निभावलं. पण चूक माझी की शब्दाची? क्यू आजच्यापुरता न घेणं आणि बोर्डातून कायमचा काढणं, दोन्हींना आपण ‘उडवणे’च म्हणतो.

—

पहिल्याला ‘गाळणे’ म्हणा. शाळेत ‘गाळलेल्या जागा भरा’ असायचं ना? शब्द नसतो, जागा शाबूत असते. तसंच ते.

दुसऱ्याला ‘पुसणे’ सुचेल, पण ते पटत नाही. पाटीवरचं एक अक्षर पुसलं तरी शेजारचं तसंच राहतं. ट्रॅकिंगच्या बोर्डात तसं नसतं, कारण क्यूमध्ये फक्त बदल साठवलेला असतो. समजा बारामध्ये खिडकीचा निळा दिवा ७० टक्क्यांवर आणला आणि तेरा-चौदामध्ये त्याला हातच लावला नाही. तो निळा बारातूनच पुढे वाहत येतो. बारा गेला की चौदामधली खिडकीही विझते, आणि ते कळतं थेट रंगीत तालमीत. मला तर ‘उसवणे’ हाच शब्द चपखल वाटतो. एक टाका गेला की पुढचं सुटत जातं. ‘क्यू ओन्ली’, म्हणजे ‘फक्त या क्यूपुरतं’, लावून डिलीट केलं तर मात्र बाराची मूल्यं तेरामध्ये उतरतात आणि पुढचं बिघडत नाही. तिथे साधं ‘काढणे’ पुरे.

—

काका, शब्द सुरेख आहे, पण अंधारात हेडसेटवर “बारा उसव” ऐकून ऑपरेटर कपड्यांकडे बघेल. ‘डिलीट मार’ आणि ‘आज घेऊ नको’, एवढ्यावर भागतं. ‘खोडणे’ संहितेसाठी ठेवा. बोर्डावरचा बारा गेला तरी तेराचा बारा होत नाही, त्यामुळे प्रतीत तेवढा एक आकडा खोडला की झालं.

बाकी ग्रँडएमए बोर्डावर एंटरच्या जागी ‘प्लीज’ आणि अन्डूच्या जागी ‘ऊप्स’ असतं. सदाशिव पेठेत वाढलेल्या माणसाला आधी यंत्राला प्लीज म्हणावं लागतं, मग चूक कबूल करावी लागते!

—

मूळ प्रश्न माझाच. ‘गाळणे’ घेतला, ‘डिलीट मार’ही घेतलं. ‘उसवणे’ फक्त चहाच्या टपरीवर वापरीन. आता पुढचं: दोन क्यूंच्या मध्ये नवा घातला की त्याला दशांशाचा आकडा देतो. १२.५ ला आम्ही ‘साडेबारा’ म्हणतो, १.५ ला ‘दीड’. काल १२.३ घातला, त्याला काय म्हणायचं?