सात वर्ल्ड कप खेळली, हे फोर्मिगाचं कौतुक की ब्राझीलची नाचक्की?

गल्लीतला_गोली
दोन दिवस डोक्यात हेच घोळतंय म्हणून लिहितो, पटलं नाही तर खुशाल झोडा. ब्राझीलच्या महिला फुटबॉल टीमची फोर्मिगा, होल्डिंग मिडफिल्डर, म्हणजे बचावाच्या पुढे थांबून इतरांची जागा झाकणारी. १९९५ ते २०१९ सगळे सात वर्ल्ड कप खेळली, १९९६ पासून टोकियोपर्यंत सात ऑलिंपिक, शेवटचं तर ४३ व्या वर्षी. जो तो म्हणतो काय फिटनेस, काय निष्ठा. मला त्यात ब्राझीलच्या फेडरेशनची नाचक्की दिसते. बाई डिसेंबर २०१६ मध्ये ब्राझीलमधल्याच मनौस शहरात रीतसर निरोप घेऊन मोकळी झाली होती आणि २०१८ ला तिला परत आणली, कारण तिच्या जागी उभी राहील अशी कोणी तयारच केली नव्हती. वीस कोटींच्या वर लोकसंख्या, फुटबॉल म्हणजे जीव की प्राण, आणि मिडफिल्डला चाळिशीची बाई!! आमच्याकडे गणपतीला सगळे मोदक काकू एकटी करते, वय सत्तर, आणि सगळे म्हणतात काकूच्या हाताला चव आहे. अहो चव आहेच, पण धाकट्यांपैकी कोणाला पारी करायला तरी शिकवलंत का?

ऑफसाइड_आत्या
काकूचं उदाहरण गोड आहे पण इथे बसत नाही. काकूला पर्याय नाही म्हणून ती करते, फोर्मिगा चांगली खेळत होती म्हणून खेळत होती. जानेवारी २०१७ ला पॅरिसच्या पीएसजी क्लबने तिला घेतलं तेव्हा तिची अडतीस पूर्ण झालेली, ते काय अन्नछत्र चालवतात का? आणि त्याच पीएसजीने २०२०-२१ ला फ्रेंच लीग मारली, लियों क्लबची सलग चौदा वर्षांची सद्दी मोडून, तेव्हा ही टीममध्ये होती. पुरुष खेळाडू चाळिशीत खेळला की दंतकथा आणि बाई खेळली की सिस्टीमचं अपयश, हे तुमचं गणित मला कधी कळलेलं नाही.

हाफटाईम_चहा
मी वेगळंच बोलतो, शिव्या पडणार माहितीये. जिंकलं काय तिने? पॅन अमेरिकन वगैरे ठीक, पण २००४ ऑलिंपिक फायनल अमेरिकेकडून हरले, २००८ पुन्हा अमेरिका, दोन्ही एक्स्ट्रा टाईममध्ये, मधे २००७ ला वर्ल्ड कप फायनल जर्मनीकडून २-०. मोठं काहीच नाही. गोल पुढे खेळणाऱ्या मार्ता, क्रिस्तियाने करणार, आणि ही वर्षानुवर्षं हजर होती म्हणून महान. हजेरीचं बक्षीस शाळेत देतात.

मडगावचा_लेफ्टबॅक
@हाफटाईम_चहा अरे बाबा होल्डिंगवालीचं काम म्हणजे नळाच्या वॉशरसारखं, आहे तोवर कोणी बघत नाही, गळायला लागलं की अख्खं घर ओरडतं. नावच बघ ना, फोर्मिगा म्हणजे मुंगी, लहानपणीच पडलेलं नाव, कारण स्वतःसाठी न खेळता सगळ्यांसाठी राबायची. खरं नाव मिराइल्देस मासिएल मोता, ते कोणाला माहीत पण नसतं. आणि गोल पाहिजेच असेल तर २०१५ ला कोरियाविरुद्ध ३७ व्या वर्षी मारलाय, महिला वर्ल्ड कपमध्ये एवढ्या वयात दुसऱ्या कोणी मारलेला नाही. मी स्वतः लेफ्टबॅक खेळलोय, पुढे गेलो की माझी रिकामी जागा कोण झाकतंय हे मागे वळून न बघता कळावं लागतं, ते झाकणारी माणसं स्कोअरकार्डात नसतात.

हाफटाईम_चहा
वॉशर मान्य. पण २०२४ ला ती नसताना ब्राझीलने ऑलिंपिक सिल्व्हर आणलंच की. म्हणजे नळ चालतोय.

ऑफसाइड_आत्या
आणि २०२३ वर्ल्ड कपला तीच नसताना ग्रुपमधूनच घरी आले ते? सोयीचं तेवढं उचलू नका.

गल्लीतला_गोली
दोघंही एकेका स्पर्धेवरून काय ते ठरवताय, जाऊदे. माझा मुद्दा तिच्या खेळाबद्दल नाहीच आहे. ती परत आली तो काळ बघा. एमिली लिमा, ब्राझीलच्या महिला टीमची पहिली बाई कोच, तिला दहा महिन्यांत काढलं, आधीचा कोच वादाँ, त्यालाच परत बसवलं, क्रिस्तियानेने निषेध म्हणून टीम सोडली. काही महिन्यांनी फोर्मिगा परत, क्रिस्तियाने पण परत. म्हणजे फेडरेशनने काही न बदलता जुनीच माणसं वापरली आणि आपण टाळ्या वाजवल्या. तिने नाही म्हणायला हवं होतं असं माझं मत.

जुना_रेफ्री
इतका वेळ गप्प होतो. नाही म्हणायला हवं होतं हे इथे सोफ्यावर बसून म्हणणं सोपं आहे. ब्राझीलमध्ये १९४१ ला हुकूम निघाला की बायकांच्या प्रकृतीला न मानवणारे खेळ त्यांनी खेळायचे नाहीत, त्यात फुटबॉल आला, आणि ती बंदी उठली १९७९ ला. फोर्मिगा साल्वादोरला जन्मली मार्च १९७८ मध्ये. म्हणजे ही जन्मली तेव्हा हिचा खेळ बेकायदेशीर होता!! घरात मोठ्या भावांना पण ती खेळलेली खपायची नाही. हिच्या वरची पिढीच चोरून खेळलेली, मग खालची पिढी फेडरेशन कुठून तयार करणार आणि कशाला करणार, त्यांना ती नकोच होती. अशा ठिकाणी बाई नाही म्हणाली असती तर फेडरेशनला घाम फुटला नसता, हिची जागा तेवढी गेली असती. बाकी गोलीभाऊंचा राग बरोबर आहे, फक्त बिल चुकीच्या टेबलावर ठेवलंय.

गल्लीतला_गोली
@जुना_रेफ्री बिलाचं मान्य, फेडरेशनच्या टेबलावर सरकवतो. तिने नाही म्हणायला हवं होतं हे वाक्य मागे घेतो. पण नाचक्की हा शब्द मागे घेत नाही. २०१९ ला फ्रान्सकडून हरल्यावर मार्ता कॅमेऱ्यात बघून काय बोलली आठवा, की फोर्मिगा कायमची नसणार, मार्ता नसणार, क्रिस्तियाने नसणार, पोरींनो आता तुमच्यावर आहे. त्या दिवशी फोर्मिगा ४१ ची होती. जे वीस वर्षांपूर्वी फेडरेशनने बोलायचं ते खेळाडूला रडत बोलावं लागलं.

मडगावचा_लेफ्टबॅक
ह्यावर वाद नाही.

पहाटेचा_प्रेक्षक
विषयाला थोडी बगल देतो. फोर्मिगाची शेवटची इंटरनॅशनल मॅच आपल्या भारताविरुद्ध होती हे कोणी बोललंच नाही! २५ नोव्हेंबर २०२१, परत तेच मनौस, इकडे २६ ची पहाट. मी स्वेटर घालून बसलेलो, बायको म्हणाली वेड लागलंय. पहिल्याच मिनिटाला गोल खाल्ला, म्हटलं आता दहा बसणार, तर आठव्या मिनिटाला आपल्या मनीषा कल्याणने असा काही मारला की मी ओरडलो आणि मुलगी उठली. १-१, ब्राझीलशी!! पुढे ६-१ हरलो ते हरलो. फोर्मिगा शेवटी शेवटी बदली खेळाडू म्हणून उतरली.

हाफटाईम_चहा
म्हणजे एकाच मैदानावर दोनदा रिटायर झाली. हा रेकॉर्ड तरी मला मान्य आहे.

ऑफसाइड_आत्या
😂 चला, काहीतरी मान्य केलंत. आणि गोलीभाऊ, त्या मॅचनंतर दोनच महिन्यांत महिलांचा एशियन कप आपल्या नवी मुंबईत होता, आपली टीम कोविडमुळे अर्ध्यातून बाहेर पडली आणि दुसऱ्या दिवसापासून कोणी नाव काढलं नाही. ब्राझीलला शिव्या घालताना हे पण लक्षात ठेवा. त्या टीममधल्या चार मुलींची नावं न शोधता सांगा बघू.

गल्लीतला_गोली
मनीषा, अदिती चौहान, ... थांबा.