‘खरड छाटणी’ हा शब्द बदलावा का?

धागाकर्ता: द्राक्षबागेतील एप्रिलच्या छाटणीला आपण ‘खरड छाटणी’ म्हणतो. खरडणे म्हणजे घासून काढणे; त्यामुळे या शब्दातून केवळ काढून टाकण्याचा अर्थ ध्वनित होतो. प्रत्यक्षात या छाटणीनंतर फुटणाऱ्या काडीच्या डोळ्यांतच (कळ्यांतच), साधारण ४० ते ६० दिवसांच्या काळात, पुढच्या हंगामाचे सूक्ष्म घड घडतात. म्हणून ‘पायाभूत छाटणी’ हेच नाव रूढ व्हावे, असे माझे मत आहे.

प्रतिसाद १: असहमत. जुन्या काडीवर एक-दोन डोळे राखून बाकी सारे उतरवले जाते आणि ओलांडा, म्हणजे वेलीची आडवी मुख्य फांदी, उघडा पडतो. हे ज्याने पाहिले आहे, त्याला ‘खरड’ समजावून सांगावी लागत नाही. उलट ‘पायाभूत’ हा शब्दच संदिग्ध आहे, कारण खुंटरोपावर (मुळासाठी लावलेल्या रोपावर) कलम भरून वेलीला मांडवावर वळण देणे, हा खरा पाया पहिल्या वर्षीच घातला जातो. युरोपात हिवाळ्यातील थंडी वेलीला विश्रांती देते आणि मुख्य छाटणी एकच पुरते. आपल्याकडे तशी थंडी नाही, म्हणून छाटण्या दोन, एप्रिलमध्ये आणि फळासाठी ऑक्टोबरमध्ये, आणि पीक एक. इथल्या हवामानातून जन्मलेल्या कामाला इथलेच क्रियापद शोभते.

प्रतिसाद २: ‘खर्डा’ म्हणजे कच्चा मसुदा, हे कोणी लक्षात घेतलेले दिसत नाही. एप्रिलमध्ये कच्चे लिखाण आणि ऑक्टोबरमध्ये पक्की प्रत, असाही अर्थ लावता येईल.

प्रतिसाद १: कल्पना मोहक आहे, परंतु व्युत्पत्ती म्हणून ती मान्य करता येणार नाही. दोन्ही शब्दांमागे खरडणेच असले, तरी बागेतला अर्थ कात्रीचा आहे, लेखणीचा नव्हे. (मिरचीचा खर्डाही मग यात ओढावा लागेल.)

प्रतिसाद ३: जोडीचा शब्द विसरू नये. ऑक्टोबरच्या छाटणीला ‘गोडी छाटणी’ म्हणतात. एप्रिलच्या छाटणीवर फळ धरले, तर ते ऐन पावसाळ्यात तयार होते आणि त्यात गोडी भरत नाही. एक नाव कृतीवरून, दुसरे फळावरून. ही जोडी विसंगत असली, तरी अनुभवाची आहे.

धागाकर्ता: ‘पायाभूत’ संदिग्ध आहे, हे मान्य. परंतु छाटणी उरकली की काम संपले, असे मानून सबकेनकडे (शेंडा खुडल्यावर काडीला फुटणाऱ्या उपकाडीकडे) आणि काडीच्या विरळणीकडे दुर्लक्ष करणारे बागायतदार मी पाहिले आहेत, आणि त्यांच्या तोंडी ‘खरडून टाकली’ हेच शब्द होते.