दिवाळीनिमित्त प्राणी-शेल्टरला मदत: सभासदांचा पत्रव्यवहार

प्रेषक: सचिव, कार्यकारिणी
विषय: दिवाळी स्नेहभोजन आणि स्थानिक शेल्टर

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

यंदाच्या दिवाळी स्नेहभोजनाच्या निमित्ताने आपल्या मराठी मंडळाने पश्चिम लंडन किंवा त्यालगतच्या स्लाव परिसरातील एखाद्या प्राणी-शेल्टरला मदत करावी, अशी सूचना कार्यकारिणीच्या बैठकीत आली आहे. मंडळाच्या शिलकीतून पाचशे पौंडांचा धनादेश द्यावा आणि सभागृहाच्या दाराशी खोकी ठेवून जुनी पांघरुणे व प्राण्यांचे खाद्य गोळा करावे, असा ढोबळ आराखडा आहे. या कामाची ज्यांना माहिती आहे त्यांनी आपले मत पुढील रविवारपर्यंत याच पत्राच्या उत्तरात कळवावे, ही विनंती.

आपला,
सचिव


प्रेषक: खजिनदार
विषय: उत्तर: दिवाळी स्नेहभोजन आणि स्थानिक शेल्टर

स. न. वि. वि.

कल्पना चांगली आहे, परंतु शिलकीतून धनादेश देण्यास माझी हरकत आहे आणि ती कंजूषपणापोटी नाही. आपले मंडळ नोंदणीकृत धर्मादाय संस्था आहे आणि आपल्या घटनेतील उद्दिष्टे मराठी भाषा, संस्कृती व शिक्षण एवढ्यापुरती मर्यादित आहेत. त्या उद्दिष्टांसाठी जमा झालेला पैसा विश्वस्तांना दुसऱ्या कामाकडे वळवता येत नाही, मग ते काम कितीही पुण्याचे असो.

शिवाय मंडळाने दिलेल्या देणगीवर ‘गिफ्ट एड’ मिळत नाही. हाच पैसा कर भरणाऱ्या सभासदांनी स्वतःच्या नावाने आणि घोषणापत्र भरून थेट शेल्टरला दिला, तर प्रत्येक पौंडामागे सरकारकडून शेल्टरला आणखी २५ पेन्स मिळतात, म्हणजे पाचशेचे सव्वासहाशे होतात. जेवणाच्या तिकिटात देणगी मिसळण्याची सूचनाही आली होती; पण तिकिटाच्या मोबदल्यात जेवण मिळत असल्यामुळे ती रक्कम देणगी ठरत नाही. सभागृहात शेल्टरच्या देणगीपानाचा क्यूआर कोड लावणे मला सर्वांत सोयीचे वाटते.

आणखी एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. आरएसपीसीए ही प्राण्यांचा छळ रोखणारी संस्था १८२४ साली लंडनमध्ये स्थापन झाली, परंतु तिच्या स्थानिक शाखा स्वतंत्रपणे नोंदलेल्या धर्मादाय संस्था आहेत आणि आपला खर्च बव्हंशी त्यांना स्वतःच उभा करावा लागतो. राष्ट्रीय संस्थेला दिलेला पैसा आपोआप आपल्या भागातील शाखेकडे जात नाही. ‘स्थानिक’ मदत करायची असेल तर शाखेचे नाव आणि नोंदणी क्रमांक पाहूनच ती करावी.

खजिनदार


प्रेषक: एक सभासद, हिलिंग्डन
विषय: उत्तर: दिवाळी स्नेहभोजन आणि स्थानिक शेल्टर

सर्वांना नमस्कार.

खजिनदारकाकांनी पैशाची बाजू मांडलीच आहे. मी बरीच वर्षे शनिवारी सकाळी एका शेल्टरच्या मांजर विभागात स्वयंसेवक म्हणून जाते, म्हणून वस्तूंविषयी आणि त्याहून मला महत्त्वाच्या वाटणाऱ्या एका विषयाविषयी लिहिते.

जुने टॉवेल, फ्लीसची पांघरुणे आणि चादरी यांची गरज कायम असते, कारण ती दिवसातून कितीतरी वेळा बदलावी आणि धुवावी लागतात. उशा आणि रजया मात्र कृपया आणू नयेत. कुत्री त्या फाडून आतला कापूस किंवा पिसे गिळतात, आणि शेल्टरच्या मशीनमध्ये त्या सहसा धुताही येत नाहीत. फोडलेली खाद्याची पाकिटे, ती कितीही महागडी असली तरी, सरळ कचऱ्यात जातात. आपण हौसेने खोकी भरायची आणि त्यांनी ती निवडत बसायची, असे होऊ नये म्हणून त्या शेल्टरने संकेतस्थळावर दिलेली यादी आधी वाचावी.

आता मुख्य मुद्दा. शेल्टरमध्ये येणारी जनावरे केवळ रस्त्यावर सापडलेली किंवा छळातून सोडवलेली असतात, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात त्यांतली पुष्कळशी चांगल्या घरांतून आलेली असतात. घर बदलले, नव्या फ्लॅटच्या लीजमध्ये प्राण्यांना मनाई निघाली, बाळ झाले, व्हेटचे (पशुवैद्याचे) बिल झेपेना, अशी कारणे अर्जावर लिहिलेली असतात आणि ती लिहिणारी माणसे बहुतेक वेळा रडत असतात. शेल्टरला सर्वांत मोठी मदत कोणती, असे मला कोणी विचारले तर मी म्हणेन की आपल्या घरातले जनावर तिथे जाणार नाही, याची तजवीज आपण करावी.

आपल्या समाजात या बाबतीत डिसेंबरची भारतवारी हे एक मोठे प्रकरण आहे. तिकिटे जूनमध्ये निघतात आणि मांजराचा विचार डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होतो. तोवर नाताळामुळे कॅटरी आणि केनेल, म्हणजे मांजरे आणि कुत्री पैसे घेऊन सांभाळणाऱ्या जागा, भरलेल्या असतात, आणि एखादी जागा मिळालीच तर लसीकरणाचे कार्ड अद्ययावत नसल्यामुळे ती हातची जाते. मग ‘कोणी महिनाभर सांभाळेल का?’ असा संदेश व्हॉट्सॲपवर फिरू लागतो. इथे एक कायदेशीर बाबही लक्षात ठेवावी: २०१८ च्या नियमांनुसार इंग्लंडमध्ये व्यवसाय म्हणून दुसऱ्याचे कुत्रे किंवा मांजर आपल्या जागेत ठेवून घेणाऱ्याला स्थानिक कौन्सिलचा परवाना लागतो आणि त्याला एक ते पाच तारे दिले जातात. परवाना नसलेल्या अनोळखी माणसाकडे स्वस्तात कुत्रे सोपवण्यापूर्वी हे तपासावे. शेजारधर्म म्हणून, पैसे न घेता एकमेकांचे प्राणी सांभाळण्याला मात्र हा परवाना लागत नाही, आणि मंडळाला खरोखर काही करता येण्यासारखे असेल तर ते इथेच आहे. कोण कधी भारतात जाणार आणि कोण इथे राहणार, याची सप्टेंबरातच एक यादी करावी.

दुसरी गोष्ट मायक्रोचिपची, म्हणजे प्राण्याच्या कातडीखाली बसवलेल्या ओळखचिपची. सापडलेले मांजर आले की आम्ही प्रथम त्याच्या खांद्यांच्या मधून स्कॅनर फिरवतो. यंत्र वाजते, पंधरा आकडी क्रमांक दिसतो, सगळ्यांना हायसे वाटते, आणि नोंदणीतला दूरध्वनी लावला की तो क्रमांक बंद असल्याचे कळते. हाउन्स्लोहून मिल्टन कीन्सला गेलेल्या कुटुंबाने बँक, जीपी (डॉक्टर), शाळा सगळीकडे पत्ता बदललेला असतो. चिपच्या नोंदणीत तेवढा राहून गेलेला असतो. कुत्र्यांना ६ एप्रिल २०१६ पासून चिप सक्तीची आहे, आणि वीस आठवड्यांहून मोठ्या मांजरांना इंग्लंडमध्ये १० जून २०२४ पासून. मुदत देऊनही ती बसवली नाही तर पाचशे पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि पत्ता अद्ययावत ठेवणे हाही त्याच सक्तीचा भाग आहे. हे पत्र वाचून झाल्यावर पाच मिनिटे काढून आपली नोंद पाहावी.

दिवाळी जवळ आली आहे म्हणून फटाक्यांविषयी. एरवी रात्री अकरानंतर फटाके उडवण्यास मनाई असली तरी दिवाळीच्या रात्री कायद्याने आपल्याला एक वाजेपर्यंत सवलत दिलेली आहे. ती शेवटच्या मिनिटापर्यंत वापरलीच पाहिजे असे नाही. बॉनफायर नाइट ही इथली फटाक्यांची रात्रही आसपासच येत असल्याने जनावरांना तो त्रास दोनतीन आठवडे पुरतो. मांजरांना अंधार पडण्यापूर्वी घरात घ्यावे आणि लिटर ट्रे आत ठेवावा. कुत्र्याला उजेडी फिरवून आणावे.

फराळाचे म्हणाल तर बेदाणे घातलेला शिरा प्रेमाने कुत्र्याला भरवणारे आजोबा मी पाहिले आहेत. बेदाणे आणि द्राक्षे यांनी कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात आणि किती खाल्ल्यावर ते होईल याचा नेम नसतो. कांदा, लसूण आणि चॉकलेट हेही वर्ज्य. मांजर असलेल्या घरी लिलीची फुले नेऊ नयेत, कारण अंगावर पडलेला पराग चाटला किंवा फुलदाणीतले पाणी प्यायले तरी ते मांजराच्या जिवावर बेतते.

आणि ज्यांच्या घरी पिल्लू आणण्याचा हट्ट चालू आहे त्यांच्यासाठी: २००६ च्या ॲनिमल वेल्फेअर ॲक्टप्रमाणे सोळा वर्षांखालील मुलाच्या प्राण्याची जबाबदारी आईवडिलांचीच धरली जाते. तेव्हा ‘तू सांभाळणार असशील तरच आणू’ ही अट घरात घालायला ठीक आहे, कायद्यात तिला किंमत नाही. एप्रिल २०२० पासून इंग्लंडमध्ये सहा महिन्यांखालील पिल्लू मधल्या दलालाने विकण्यास मनाई आहे. ते त्याच्या आईसोबत, जिथे वाढले तिथे जाऊनच पाहावे. गाडीच्या डिकीतून पिल्लू आणून देणाऱ्याला नकार द्यावा. त्याआधी हेअरफील्डचे डॉग्ज ट्रस्ट किंवा बॅटर्सी यांसारख्या शेल्टरचे केंद्र एकदा पाहून यावे, असे मी सुचवीन. तिथली माणसे प्रश्न फार विचारतात म्हणून आपले लोक कुरकुरतात, पण दिवसाचे किती तास घरी कोणी नसते, हा प्रश्न कोणीतरी आपल्याला विचारायलाच हवा.

आपली,
एक सभासद


प्रेषक: ज्येष्ठ सभासद, हॅरो
विषय: उत्तर: दिवाळी स्नेहभोजन आणि स्थानिक शेल्टर

सचिव महोदय,

मला एक विचारावेसे वाटते. इथल्या कुत्र्यांना विमा असतो आणि बॅटर्सीसारख्या, १८६० पासून चालत आलेल्या संस्था त्यांच्या पाठीशी असतात. पुण्यामुंबईच्या गल्ल्यांतील कुत्र्यांच्या वाट्याला काय येते ते आपण सगळे जाणतो, आणि रेबीजने तिथे अजूनही माणसे मरतात. द्यायचेच असेल तर आपल्या गावाकडच्या नसबंदी आणि लसीकरणाच्या कामाला का देऊ नये?

ज्येष्ठ सभासद


प्रेषक: खजिनदार
विषय: उत्तर: दिवाळी स्नेहभोजन आणि स्थानिक शेल्टर

काका, आपले म्हणणे रास्त आहे. पुण्यात २००७ पासून काम करणारी रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्टसारखी संस्था आहे आणि वैयक्तिक पातळीवर कोणालाही अशा कामाला मदत करता येईल. मात्र परदेशी पैसा स्वीकारण्यासाठी भारतीय संस्थेला एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी लागते आणि तो दिल्लीतील स्टेट बँकेच्या ठरावीक शाखेतील खात्यातच जमा व्हावा लागतो. आपल्यापैकी ज्यांच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे त्यांची देणगी परदेशी गणली जात नाही. ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे) असलेल्या ब्रिटिश नागरिकांची मात्र गणली जाते. भारतातील संस्थेला थेट पाठवलेल्या पैशावर इथे गिफ्ट एडही मिळत नाही. या कारणांमुळे मंडळाच्या कार्यक्रमात स्थानिक शाखाच ठेवावी, असे माझे मत आहे.

खजिनदार


प्रेषक: एक सभासद, स्लाव
विषय: उत्तर: दिवाळी स्नेहभोजन आणि स्थानिक शेल्टर

हिलिंग्डनच्या ताईंना एक प्रश्न आहे. माझ्या आईवडिलांना पुण्यातील त्यांचा सात वर्षांचा देशी कुत्रा आता झेपत नाही. त्याला तिथल्या शेल्टरमध्ये सोडण्याची माझ्या मनाची तयारी नाही. त्याला इकडे आणणे कितपत शक्य आहे?


प्रेषक: एक सभासद, हिलिंग्डन
विषय: उत्तर: दिवाळी स्नेहभोजन आणि स्थानिक शेल्टर

शक्य आहे, परंतु क्रम चुकला तर सगळे पहिल्यापासून करावे लागते. आधी मायक्रोचिप आणि मगच रेबीजची लस. चिपपूर्वी दिलेली लस धरली जात नाही. लसीनंतर किमान तीस दिवसांनी रक्ताचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. त्याचा निकाल समाधानकारक आला तरी, भारत ब्रिटनने मान्य केलेल्या देशांच्या यादीबाहेरचा असल्यामुळे, नमुना घेतल्या दिवसापासून तीन महिने थांबावे लागते. निघताना, इथे पोहोचण्यापूर्वी २४ ते १२० तासांच्या दरम्यान, टेपवर्मचे (पोटातल्या जंतांचे) औषध पशुवैद्याकडून देऊन त्याची नोंद करून घ्यावी. विमानाने येणारा कुत्रा केबिनमधून आणता येत नाही, तो कार्गोनेच येतो. म्हणजे आज सुरुवात केली तरी चार महिने गेलेच. सात वर्षांच्या कुत्र्याला आधी तिथल्या व्हेटकडून तपासून घ्यावे, पिंजऱ्यात बसण्याची सवय रोज थोडी थोडी लावावी, आणि आपण भाड्याच्या घरात असाल तर घरमालकाची परवानगी लेखी घ्यावी. तो प्रवास सोसणार नाही असे व्हेटने सांगितले, तर त्याच्या ओळखीचे एखादे घर त्याच परिसरात शोधणे त्याच्यासाठी अधिक बरे, असे मला प्रामाणिकपणे वाटते.


प्रेषक: सचिव, कार्यकारिणी
विषय: निर्णय: दिवाळी स्नेहभोजन आणि स्थानिक शेल्टर

सर्व सभासदांस नमस्कार.

आलेल्या पत्रांवरून कार्यकारिणीने पुढीलप्रमाणे ठरवले आहे. मंडळाच्या खात्यातून रक्कम दिली जाणार नाही. आरएसपीसीएच्या स्थानिक शाखेच्या देणगीपानाचा क्यूआर कोड नोंदणीच्या टेबलावर ठेवला जाईल आणि गिफ्ट एडचा रकाना भरण्यास खजिनदार मदत करतील. टॉवेल, चादरी आणि फ्लीसची पांघरुणे धुऊन, पिशवीत बांधून आणावीत; उशा व रजया परत पाठवल्या जातील. डिसेंबर-जानेवारीत भारतात जाणाऱ्या आणि इथे राहणाऱ्या प्राणिपालकांची यादी हिलिंग्डनच्या ताई करणार असून, त्यांना आपल्या प्रवासाच्या तारखा, प्राण्याची लस कधीपर्यंत वैध आहे आणि त्याचा व्हेट कोण, एवढे कळवावे. ही यादी केवळ नावे नोंदवलेल्या सभासदांनाच पाठवली जाईल.

पिशव्या सोमवारी शाखेत पोहोचवण्यासाठी मोठी गाडी असलेले दोन सभासद हवे आहेत. कृपया मला वैयक्तिक पत्राने कळवावे.

आपला,
सचिव