नऊ आठवडे संपले की लगेच हाफ मॅरेथॉन? कशासाठी?

सावकाश: काउच टू फाइव्ह के, म्हणजे कधीच न पळलेल्यांना नऊ आठवड्यांत 5 किलोमीटरपर्यंत नेणारा प्रोग्रॅम. त्यावर काल एक पोस्ट वाचली, 'काउच टू फाइव्ह के संपला की त्याच आठवड्यात हाफ मॅरेथॉनला नाव घाला, नाहीतर परत सोफ्यावर जाल'. खाली सगळे वा वा करतायत. राग आला म्हणून लिहितोय. अहो, नऊ आठवड्यांपूर्वी हा माणूस एक मिनिट पळून धापा टाकत होता, आज सलग 30 मिनिटं पळतोय, त्यातही बऱ्याच जणांचे पूर्ण 5 किलोमीटर होत नाहीत, आणि तुम्ही त्याला थेट हाफच्या 21 किलोमीटरवर पाठवताय? दमसास काही आठवड्यांत वाढतो, हाडं आणि टेंडन (स्नायू हाडाला जोडणारे दोर) तयार व्हायला महिने लागतात. म्हणून नेमकी मजा यायला लागली की नडग्या दुखायला लागतात. आहे तोच अर्धा तास, आठवड्यातून तीनदा, महिना-दीड महिना करा. मग त्या तिनांपैकी एकाच दिवशी पाच-पाच मिनिटं वाढवा.

ध्येयवेडी: कागदावर छान आहे हो. पण माझ्या बघण्यात माणसं कंटाळून जास्त थांबतात. प्रोग्रॅम चालू होता तोवर कानात कुणीतरी सांगायचं, आता पळा, आता चाला. तो संपला आणि सकाळी उठून करायचं काय तेच कळेना, सगळं बंद पडलं. 10 किलोमीटरला नाव घातलं तेव्हा बूट परत बाहेर आले. काही लोकांना समोर तारीख लागते, लागतेच.

सावकाश: 10 ला मी कुठे नाही म्हटलं? पोस्ट 21 ची होती.

झोनवाला: अंतर सोडा, तुम्ही सगळे चुकीच्या वेगाने पळताय. झोन टू, म्हणजे हृदयाचे ठोके ठरावीक पट्ट्यात ठेवून हळू पळणं. 220 वजा वय म्हणजे तुमचे कमाल ठोके, त्याचे 60 ते 70 टक्के. ठोके वर गेले की चाला, बाकी सगळी मेहनत फुकट.

पायवाट: आलं का झोनचं खूळ! 220 वजा वय हा सरासरीचा आडाखा आहे, एखाद्याचे खरे कमाल ठोके त्याहून 10-12 ने सहज कमीजास्त असतात. त्यात मनगटावरचं घड्याळ सैल बसलं तर ठोक्यांऐवजी पावलंच मोजत बसतं. माझ्या नवऱ्याचं घड्याळ 170 दाखवायचं आणि हा शेजारून पळता पळता माझ्याशी भांडतोय, पूर्ण वाक्यांत! तरी घड्याळ म्हणतंय म्हणून थांबायचा. शेवटी वैतागून पळणंच सोडलं त्याने. बोलता येईल इतकंच पळा, आकडा कशाला?

झोनवाला: मग ठोके मोजणारा छातीचा पट्टा घ्या. यंत्र चुकलं म्हणून तत्त्व चुकत नाही. बोलता येईल इतकंच पळा हे तुम्हीही म्हणताय, म्हणजे माझंच.

पायवाट: तुमचं कसं? तुम्ही आकडा बघून थांबवताय, मी श्वास बघून. नवख्याचे ठोके हळू पळतानाही वर जातात, त्याला दर दोन मिनिटांनी थांबवलं तर तो सलग पळणार कधी?

झोनवाला: बरं, नवख्यांनी घड्याळ घरी ठेवा. झालं समाधान? वर्षभराने माझ्याकडेच याल.

ध्येयवेडी: घड्याळ झालं असेल तर मुद्द्यावर या. सावकाश, हळूहळू वाढवल्याने दुखापत टळते याला आधार काय? 2008 साली नेदरलँड्समधल्या नवख्या धावकांवरचा अभ्यास आला होता. आठवड्याला 10 टक्क्यांनी वाढवणारे आणि त्याहून भरभर वाढवणारे, दोन्हीकडे साधारण पाचातल्या एकाला दुखापत झाली. काहीच फरक नाही.

सावकाश: आणि ते तयारी कशाची करत होते? 4 मैलांच्या शर्यतीची! जेमतेम साडेसहा किलोमीटरला पाचातला एक जायबंदी, मग 21 ला काय होईल ते तुम्हीच सांगा.

ध्येयवेडी: ...ठीक आहे, हाफ लगेच नको. पण माझी 10 ची तारीख मी सोडणार नाही, आणि मधेमधे चालणार. चालण्याला नावं ठेवणाऱ्यांनी जेफ गॅलोवे बघावा, 1972 चा ऑलिंपिक धावपटू, त्यानेच हजारोंना चालत-पळत मॅरेथॉन करायला शिकवलं.

नवखा: ती पोस्ट वाचून मी हाफला नाव घातलंय. नडगीच्या आतल्या कडेला दुखतंय, काय करू?

सावकाश: बोटाने दाबून बघा. कडेने लांबपर्यंत दुखत असेल तर थोडे दिवस पळणं एकदम कमी करा. एकाच ठिकाणी, बोटाच्या टोकाएवढ्या जागी कळ येत असेल किंवा साधं चालतानाही दुखत असेल तर पळणं आजच बंद, आधी डॉक्टरकडे जा. शर्यतीचं नंतर बघू.