प्रतिसाद: केमोनंतरची बोटं आणि गिटार

कॅन्सरच्या केमोथेरपीनंतर डाव्या हाताची बोटं सुन्न झाली म्हणून गिटार विकायची तुमची भाषा वरच्या पोस्टमध्ये वाचली. इतकी घाई नको.

आधी तारांचा ताण उतरवा. एक्स्ट्रा लाइट तारा लावा, सगळ्या दोन अर्धस्वरांनी (सेमीटोन) खाली ट्यून करा आणि दुसऱ्या फ्रेटवर (गिटारच्या मानेवरची धातूची आडवी पट्टी) कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, बसवा. पट्टी मूळचीच राहते, तारा मऊ होतात, फ्रेट्सही जवळ येतात. बोट फ्रेटच्या अगदी पाठीशी टेकवलं की थोड्या दाबातही सूर स्वच्छ निघतो. मात्र संवेदना नसताना माणूस नकळत जास्त दाबतो आणि कातडी फाटलेलीही कळत नाही. म्हणून मधूनमधून थांबून बोटांची टोकं डोळ्यांनी तपासा.

बार कॉर्ड (एकाच बोटाने अनेक तारा आडव्या दाबून वाजवायचा कॉर्ड) जमत नसेल तर ओपन जी ट्यूनिंग लावा. मोकळ्या तारा छेडल्या की जी मेजर कॉर्ड वाजतो, बाकीचं स्लाइडवर, म्हणजे बोटात घालून तारांवरून सरकवायच्या नळीवर.

जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टचं उदाहरण कुणीतरी देणारच. १९२८च्या आगीत त्याची दोन बोटं निकामी झाली, तरी उरलेल्या दोन बोटांवर तो सोलो वाजवायचा. पण ती भाजल्याची इजा होती, तुमचं दुखणं वेगळं. तुलना मनावर घेऊ नका. मुंग्या वाढल्या तर डॉक्टरांना जरूर सांगा.